ओळंबा टेकतोय का?

तिला सगळे 'तंद्री' म्हणायचे, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. बाई पडदे शिवायची, आणि शिवता शिवता कुठल्या मुलखात निघून जाईल याचा नेम नसायचा. एकदा एका दवाखान्याचा हिरवा पडदा तिनं अंगावरच्या कुडत्यालाच शिवून टाकला आणि चहा टाकायला उठली, तेव्हा पडदा, कात्री, टेप असं सगळं लटांबर तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलं. नवऱ्यानं मान वर करून बघितलं आणि एवढंच म्हणाला, "पाहुण्यांनाही चहा टाक."

दुसऱ्यांच्या खिडक्या मोजण्यात तिची उभी हयात गेली. टेपचं एक टोक घरमालकिणीच्या हातात द्यायची आणि स्वतः मनानं त्या खोलीत राहायलाच जायची. इथे पलंग, इथे टेबल, इथे दुपारचं ऊन येईल तिथे पाय पसरून बसायचं. माप लिहून होईपर्यंत तिचा संसार मांडून झालेला असायचा. मग भानावर यायची, टेप गुंडाळायची आणि भाड्याच्या दोन खोल्यांत परत जायची. तिथली एकुलती एक खिडकी शेजारच्यांच्या भिंतीवर उघडत होती.

नवरा अगदी उलट. दुकानांतले वजनकाटे तपासून दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, म्हणून विश्वास नावाची वस्तू तो फार जपून वापरायचा. बाजारातून आणलेली भाजी घरी परत तोलणारा माणूस. त्याला लोक काटेवाला म्हणत. तंद्री आणि काटेवाला, असा तो जोडा. भांडायचे, पण जमायचंही झकास.

तर झालं असं, की बाजाराच्या मागच्या शांत रस्त्यावर एका म्हाताऱ्या बाईंचं घर होतं. विटांचं, बैठं, मागे अंगण आणि अंगणात एक मोठं झाड. बाई मुलीकडे राहायला जाणार होत्या. घर विकताना खिडक्या उघड्याबोडक्या दिसू नयेत म्हणून त्यांनी तंद्रीला पडद्याच्या मापाला बोलावलं. ती मागच्या खोलीत शिरली. खिडकीतून झाडाची सावली जमिनीवर पडली होती आणि वारा आला की सगळी खोली हळूच हलल्यासारखी वाटत होती. तंद्री तिथे उभी राहिली ती राहिलीच. मालकीणबाईंनी दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे ती म्हणाली, "केवढ्याला देताय?"

"पडदा?"

"घर."

माप घ्यायला गेलेली बाई घर घेऊन परत आली, निदान मनानं तरी. आणि नवल म्हणजे आकडा त्यांच्या आवाक्यातला निघाला. आवाक्यातला म्हणजे काय, तर आयुष्यभराची पुंजी झाडून पुसून द्यायची आणि वर थोडं कर्ज. चुकलं तर दुसऱ्यांदा चुकायलाही काही उरणार नाही, असा तो मामला होता.

काटेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान. आता बाहेरचा एखादा इंजिनिअर आणू, घर तपासून घेऊ, मग बोलू."

"बाहेरचा कशाला? दादा आहे की!"

"दादा घरचे."

"म्हणून तर!"

"म्हणून तर नको. ज्याचा माल त्याचाच काटा असला, की वजन कधी कमी भरत नाही. तुला घर हवंय, दादांना तू आनंदात हवी आहेस. त्यांचा काटा तुझ्याच बाजूला झुकणार. ज्याला तू हसलीस काय नि रडलीस काय सारखंच, असा माणूस हवा."

झालं. तंद्रीच्या दादावर कुणी बोट ठेवावं? ती तंद्रीतून खडबडून जागी झाली, ती थेट भांडायलाच. "जन्मभर भिंती बांधल्या त्यानं. अर्धं गाव त्याच्या हातचं आहे. त्याला डावलून परका आणून उभा करू? काय वाटेल त्याला?" आणि रात्री जेवताना तिनं काटेवाल्याकडे पाठ फिरवून घास घेतले. घर पाहावं बांधून म्हणतात. अहो, बांधायचं राहू दे, नुसतं बघायचं ठरवलं तरी एवढं होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. गवंडी. आईबाप लवकर गेले, तेव्हा हा नुकता कामाला लागलेला आणि ही एवढीशी. घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून तो तिला कामावर घेऊन जायचा आणि वाळूच्या ढिगावर बसवायचा. भिंत अर्धी वर आलेली असायची, खिडकीच्या जागी नुसतं भोक. दादा विटा लावता लावता विचारायचा, "सांग, काय दिसतंय?" आणि ही त्या भोकातून बघत सांगत सुटायची. समुद्र दिसतोय. एक बाई टेबलावर केक कापतेय. एक मांजर झोपलंय, त्याचं नाव साहेब. "आणि ही खोली कुणाची?" दादा विचारायचा. प्रत्येक खोली ती कुणाकुणाला वाटून टाकायची. दादा हसायचा, आणि दिवस निघून जायचा. पोटात कावळे ओरडत असले तरी निघून जायचा, हे त्या खेळाचं मोठेपण.

शेवटी दादाच आला घर बघायला. मेहुण्यासमोर आवाज चढवणाऱ्यातला काटेवाला नव्हता. दादानं आल्या आल्या दरवाजाच्या चौकटीवरून हात फिरवला, भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि पहिल्याच खोलीत थांबून म्हणाला, "सांग, काय दिसतंय?"

तंद्रीचा आनंद पोटात मावेना. इतक्या वर्षांनी! तिनं लगेच खेळ सुरू केला. इथे शिलाई मशीन, उजेड डावीकडून. इथे यांची खुर्ची, म्हणजे पेपर वाचता वाचता झोपले तरी रस्ता दिसेल. स्वयंपाकघरात पिवळा पडदा, उन्हानं अजून पिवळा होणारा. दादा प्रत्येक खोलीत तेच विचारत होता आणि मान डोलवत होता. काटेवाला मागून येत दोघांकडे आळीपाळीनं बघत होता, लहान मुलांच्या भातुकलीत चुकून सापडलेल्या माणसासारखा.

मागच्या खोलीच्या बाहेरच्या कोपऱ्याशी दादानं पिशवीतून ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेला पितळी गोळा. भिंत सरळ आहे की कलली, ते तो सांगतो. दादानं स्टुलावर चढून दोरीचा लाकडी ठोकळा भिंतीला वर लावला आणि गोळा खाली सोडला. सरळ भिंतीला गोळा खाली जेमतेम टेकतो. कलती असली तर सुटतो.

"बघ गं, टेकतोय का?"

खाली तंद्री उभी होती. पण त्याच वेळी झाडावरून एक पान सुटलं आणि गिरक्या घेत, अगदी सावकाश, मालकीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसलं. तंद्री त्या पानाबरोबर गेली होती.

"टेकतोय, दादा," ती म्हणाली.

"मग घे," दादा खाली उतरत म्हणाला. "घर चांगलं आहे. डोळे मिटून घे."

मालकीणबाईंनी चहा केला. दुसरं एक गिऱ्हाईक घुटमळतंय, रविवारपर्यंत कळवा, असं त्या अगदी संकोचून म्हणाल्या. काटेवाल्यानं कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं घर उजळून बसलेलं होतं. त्यानं सुस्कारा टाकला.

दुसऱ्या दिवशी तंद्री दादाकडे गेली, बयाणा द्यायचा म्हणून त्याचा आशीर्वाद घ्यायला. सकाळचं लख्ख ऊन होतं. दादा दाराशीच खुर्ची टाकून बसला होता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, चार हातांवर, काही न बोलता, हसत. तिची सवयच होती ती. आधी बघत राहायचं, मग बोलायचं. दादानं मान वर केली. सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि आत वळून हाक मारली, "अगं, दारात कुणीतरी आलंय. बघ जरा, मीटरवाला असेल."

तंद्रीचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं.

"दादा, मी आहे."

दादा मोठ्यानं हसला. "कळलं गं! थट्टा केली तुझी. बस, बस." पण थट्टा करणारा माणूस हसताना समोरच्याकडे बघतो. दादा तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होता.

स्वयंपाकघरात वहिनीनं तिचा हात धरला आणि पदार्थ करपल्याचं सांगावं तशा घाईघाईच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. त्यांना मधलंच दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, म्हणून चालतात, फिरतात, कुणाला संशय येत नाही. पण ज्याच्याकडे बघतील तेच नेमकं पुसलं जातं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही. "कुणाला सांगायचं नाही म्हणतात. अजून लोक घर दाखवायला बोलावतात ना त्यांना, दादा जरा बघून जा म्हणून. तेवढीच काय ती किंमत उरलीय, म्हणतात. तुला माझ्या गळ्याची शपथ, त्यांच्यापाशी बोलू नकोस."

"पण वहिनी, मग ते घर बघतात कसं?"

"विचारून विचारून," वहिनी म्हणाली. "ज्याचं घर त्यालाच विचारतात, इथे कसं आहे, तिथे काय दिसतंय. आणि बाकीचं हातानं."

तंद्री घरी आली ती कशी आली हे तिचं तिलाच ठाऊक नाही. वाटेत तिला एकच गोष्ट आठवत होती. सांग, काय दिसतंय? तो खेळ नव्हता. तो खरंच विचारत होता. आणि आपण काय सांगितलं? पिवळा पडदा!

आता बघा पेच कसा पडला. घर बघितलंय म्हणावं तर ते कुणीच बघितलेलं नाही. बाहेरचा इंजिनिअर आणावा तर दादाला कळणार, की बहिणीला कळलंय. आणि न आणावा तर जन्माची कमाई अशा भिंतींत घालायची, ज्यांना दोन माणसं हात लावून आली आणि दोघांनाही त्या दिसल्या नाहीत.

संध्याकाळी काटेवाला पुन्हा म्हणाला, "मी तुझ्या दादांचा अपमान करत नाहीये गं. पण आंधळ्यासारखं घर घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं."

तंद्रीच्या हातातली सुई बोटात गेली. काटेवाल्याला वाटलं आता भडका उडणार. पण ती नुसती बोट तोंडात धरून बसली. तेव्हा मात्र तो घाबरला. बायको भांडते तोवर सगळं ठीक असतं; गप्प बसली की समजावं, प्रकरण आपल्या काट्याच्या बाहेर गेलं.

ती शिवत राहिली. मशीनच्या आवाजात तिला नेहमीसारखं ते घर दिसायला लागलं, खोल्या, सावल्या, हलणारं ऊन. पण आता तिला खोलीत टेबल मांडता येईना. प्रत्येक ठिकाणी दादा उभा असे, हात पुढे करून, आणि विचारत असे, सांग ना, काय दिसतंय. तिला रडू आलं. ती पडद्यात तोंड खुपसून पोटभर रडली, आणि तो पडदा कुणाचा होता कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी धुवावा लागला. शपथ तिनं मोडली नाही. फक्त एवढं ठरवलं, की दादाच्या पाठीमागून काही करायचं नाही, आणि दादाला खोटंही सांगायचं नाही.

सकाळी ती दादाकडे गेली. "दादा, घर अजून एकदा बघू या. आपण दोघंच."

"आता काय राहिलंय?"

"माझं बघायचं राहिलंय."

मालकीणबाईंनी दार उघडलं आणि त्या आत निघून गेल्या. खोल्या सामसूम होत्या. दादानं सवयीनं चौकटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "सांग, काय दिसतंय?"

तंद्रीनं एक मोठा श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ती खोलीत राहायला न जाता नुसती खोलीकडे बघायला लागली. फार अवघड गेलं तिला ते. "समोरची भिंत पांढरी आहे. रंग नवा आहे. खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंगाला फोड आलेत."

दादाची मान डोलायची थांबली.

मागच्या खोलीत ती म्हणाली, "खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून भेग निघालीय. तिरकी. छताकडे जाते."

"सरळ जाते की पायऱ्यापायऱ्यांनी?"

"पायऱ्यापायऱ्यांनी."

"वर रुंद की खाली?"

"वर. माझं नख जातं वर."

झाडाची सावली दादाच्या सदऱ्यावरून इकडून तिकडे जात होती. मग तो बाहेर गेला, चाचपून स्टूल लावलं, वर चढला आणि ओळंबा सोडला.

"टेकतोय का?"

ती जमिनीवर चक्क आडवी झाली. वर झाड होतं, पानं गळत होती, तिनं तिकडे बघितलंही नाही. "नाही, दादा. सुटलाय. बोटभर सुटलाय."

"त्या दिवशी टेकत होता."

"त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं."

दादा स्टुलावर तसाच उभा राहिला. "मीही नव्हतं बघितलं," तो म्हणाला.

आणि मग एकदम त्याला हसू फुटलं. "म्हणजे दोघांपैकी एकानंही बघितलं नाही आणि घर पास!" तीही हसायला लागली, जमिनीवर पडल्या पडल्या, केसांत माती, आणि हसता हसता दोघांचंही रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. तिनं उठून त्याला हात देऊन खाली उतरवलं. तो स्टुलावर बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"मला मीटरवाला केलंस तेव्हा."

"हं." बराच वेळ तो ओळंब्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिला. "मला वाटायचं, तू सांगशील त्यावरून माझं भागेल. लहानपणापासून तुझ्याच डोळ्यांनी घरं बघत आलो ना. पण तू म्हणजे..."

"मी म्हणजे तंद्री."

"तुझा नवरा बरोबर बोलत होता. बाहेरचा माणूस बोलव. आणि त्या दिवशी मी इथे असणार. मीच सांगेन त्याला, मला दिसत नाही म्हणून. एकदा तोंडानं म्हणून टाकलं की सुटेन."

काटेवाल्याला तिनं जेव्हा सांगितलं, तेव्हा तो जिंकल्यासारखा हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "उद्या दादांना आणायला मी जातो."

बाहेरचा माणूस म्हणजे एक तरुण इंजिनिअरबाई निघाली. दादानं तिला दारातच सांगितलं, "मी गवंडी होतो. आता डोळ्यांनी मधलं दिसत नाही. पण तुम्ही काय करताय ते मोठ्यानं बोलत करा, म्हणजे मला कळेल." ती नुसतं "बरं" म्हणाली आणि खरोखर प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलत तपासत गेली. दादा तिच्या मागून फिरत होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्याची मान खऱ्या अर्थानं डोलत होती.

निकाल मात्र वाईट लागला. त्या कोपऱ्याखाली कधीकाळी मोठा खड्डा होता आणि तो कसाबसा भरून वर बांधलं होतं. कोपरा खचत होता. आणि भेगेच्या कडा ताज्या होत्या, म्हणजे अजून खचतच होता. "पाया उकरून दुरुस्ती करावी लागेल, ती मोठी आहे," इंजिनिअरबाई म्हणाली. "तुमच्या जागी मी असते, तर घेतलं नसतं."

मालकीणबाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या. "मला वाटलं, वय झालं की सुरकुत्या पडतात, तसंच घराचं असेल. मी आपली रंग देत राहिले." आणि त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही हे सांगायचं, असं त्याच बोलल्या. कुणी सुचवावं लागलं नाही.

काटेवाला इंजिनिअरबाईला सोडायला रस्त्यापर्यंत गेला. तंद्री मागच्या पायरीवर बसली. दादा चाचपत आला आणि तिच्या शेजारी बसला. अंगणात ऊन आलं होतं, झाड हलत होतं, आणि ते घर काही तिचं होणार नव्हतं. इतकं हवंसं तिला आजवर काही वाटलं नव्हतं.

"सांग, काय दिसतंय?" दादानं विचारलं.

"भेग दिसतेय."

"ती झाली सांगून. आता पहिल्यासारखं सांग."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले. आधी आवाज फुटेना, मग हळूहळू यायला लागला. स्वयंपाकघरात पिवळा पडदा. त्यांची खुर्ची, ते पेपर तोंडावर घेऊन झोपलेत. मशीनपाशी उजेड डावीकडून येतोय. एक मांजर आहे, त्याचं नाव अजून साहेबच आहे. मागच्या खोलीत खिडकीखाली पलंग, वाऱ्यानं सावली हलतेय, सगळी खोली हलतेय, पण भीती वाटत नाही.

"आणि ही मागची खोली कुणाची?"

"तुझी," ती म्हणाली. "तुझी नि वहिनीची. पहिल्या दिवसापासून तुमचीच होती ती."

दादानं हळूच विचारलं, "भिंत सरळ आहे ना गं तिची?"

"सरळ आहे, दादा. ओळंबा टेकलाय. मी नीट बघितलंय."